मुरुमचें मैदान आणि दूरचें विद्यापीठ

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता पुष्कळांच्या परिचयाचा आहे. नळदुर्गचा किल्ला, पुढें बसवकल्याण अशीं स्थळें पाहावयास निघालेलीं कुटुंबें या रस्त्यानें नित्य जातात. परंतु येणेगुरापाशीं हा रस्ता सोडून मुरुमास जाणारीं माणसें थोडीं, आणि तींही बहुधा आप्तेष्टांकडे किंवा बाजाराच्या कामास निघालेलीं. आम्ही तेथें गेलों तें क्षेत्र किंवा किल्ला पाहावयास नव्हे. एखाद्या गांवच्या मुलांनीं मैदानांत उतरावयाचें तें कोणाच्या नांवानें, आणि हें ठरविणार कोण, असा एक प्रश्न आमच्या मनांत होता. वरवर पाहतां तो क्षुल्लक वाटेल. पण ज्या घरांत कॉलेजांत जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे, आणि त्या मुलाला खेळाचें वेड आहे, त्या घराला तो क्षुल्लक वाटणार नाहीं.

प्रथम वाटेविषयीं थोडेंसें. सोलापूर सोडल्यावर नळदुर्गाच्या अलीकडे अणदूर लागतें. तेथील खंडोबाची कथा मोठी मौजेची आहे. अणदूर व नळदुर्ग या दोन्ही गांवांचा देव एकच, आणि मूर्तीही एकच. ती वर्षांतील बहुतेक काळ अणदुरास राहते व सुमारें दोन महिने नळदुर्गास जाते. देव नेतांना व आणतांना दोन्ही गांवचे मानकरी लेखी करार करितात. कोर्टकचेरी न करितां दोन गांवांनीं एक देव वांटून घेतला आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचा उपयोग होणार आहे.

नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटांत बांधलेला पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींतील हें काम. पावसाळ्यांत बांधावरून पाणी कोसळूं लागलें कीं खालीं महालांत कोरड्या अंगानें उभें राहून तें पाहतां येतें. याच नळदुर्गांत मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी कांहीं वर्षें राहत होता. ठगांवरील कादंबरी लिहून विलायतेंत प्रसिद्धि पावलेला टेलर तो हाच. तो येथें कसा आला, याचा संबंध आमच्या विषयाशीं आहे. १८५३ च्या तहानें निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या हातीं दिला आणि १८६० सालीं तो निजामाकडे परत गेला. म्हणजे अवघ्या सात वर्षांत येथील रयतेचा धनी दोनदां बदलला आणि दोन्ही वेळां रयतेला कोणी विचारलें नाहीं.

मुरुम हें उमरगा तालुक्यांतील गांव. आतां तेथें नगरपरिषद आहे, कृषि उत्पन्न बाजार समिति आहे, आणि सहकारी साखर कारखान्यामुळें त्याचें नांव उंसवाल्या शेतकऱ्यांच्या तोंडीं असतें. जमीन बव्हंशीं काळी. ज्वारी, तूर, हरभरा आणि अलीकडे सोयाबीन यांची. याच मुलखांतून निघालेली बेनितुरा नदी पुढें कर्नाटकांत जाऊन कागिण्याला व कागिण्याबरोबर भीमेला मिळते. नदी जिकडे जाते तिकडेच माणसांचीं पाउलेंही वळतात. कर्नाटकांतील आळंद तालुका अगदीं शेजारीं, आणि सोयरिका दोन्हीकडे. बाजारांत उभें राहिलें तर एकाच दुकानापुढें मराठी, कानडी आणि दखनी उर्दू अशा तीन भाषा कानांवर पडतात. दुकानदार तिन्हींत भाव सांगतो आणि गिऱ्हाईक तिन्हींत घासाघीस करितें. ज्यांना शुद्ध भाषेचा अभिमान आहे त्यांनीं हा बाजार एकदां अवश्य पाहावा. भाषेची सरमिसळ झाली म्हणून व्यवहाराला बाध येत नाहीं, हें तेथें उमजतें.

सरहद्दीवरच्या गांवांचा एक विशेष असा असतो कीं, त्यांचें राहणें एका जागीं व सरकारदरबार फिरतीवर. मुरुमचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास याच प्रकारचा आहे. निजामाच्या राज्यांत उच्च शिक्षणासाठीं पाहावयाचें तें हैदराबादेकडे. १९१८ सालीं स्थापन झालेलें उस्मानिया विद्यापीठ हें या भागाचें विद्यापीठ होतें आणि तेथें शिकविण्याची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि १९५८ सालीं औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघालें. त्या वेळीं पांचही जिल्ह्यांना तें आपलें वाटलें, आणि तें योग्यच होतें. मराठींतून शिकावयाची भूक लागलेल्या प्रांताला मिळालेलें तें पहिलें ताट होतें. १९८२ सालीं उस्मानाबाद जिल्ह्यांतून लातूर जिल्हा वेगळा झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला आणि या टापूंतील हजारों माणसें झोंपेंतच गेलीं. त्याच्या पुढच्याच वर्षीं, १९९४ सालीं, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. नांदेड, परभणी व लातूर हे जिल्हे तिकडे गेले. औरंगाबादचें विद्यापीठ त्याच वर्षापासून डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचें नांव धारण करूं लागलें, आणि त्याच्याकडे औरंगाबाद, जालना, बीड व उस्मानाबाद असे चार जिल्हे राहिले. २०२३ सालीं उस्मानाबादचें धाराशिव व औरंगाबादचें छत्रपति संभाजीनगर झालें. पण विद्यापीठाची हद्द होती तीच राहिली.

नकाशावर या हद्दीकडे पाहिलें तर एक विचित्र गोष्ट दिसते. चार जिल्ह्यांपैकीं तीन एकमेकांना लागून उत्तरेकडे पसरलेले, आणि धाराशिव खालीं दक्षिणेस लोंबकळणारा. त्यांतही मुरुम या जिल्ह्याच्या दक्षिण टोंकाला. मुरुमाहून सोलापूर सुमारें ८० किलोमीटर. कलबुर्गी जवळजवळ तितकेंच. नांदेड दोनशें किलोमीटरांहून कांहींसें अधिक. आणि छत्रपति संभाजीनगर तीनशें किलोमीटरांहूनही अधिक! या चारही शहरीं विद्यापीठें आहेत. चौघांत जें सर्वांत दूर, तेंच मुरुमचें विद्यापीठ.

आणखी एक विसंगति सांगण्याजोगी आहे. मुरुमाहून फारसें दूर नसलेल्या, आतां लोहारा तालुक्यांत असलेल्या हिप्परगा या गांवीं १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. निजामाच्या अमदानींत राष्ट्रीय शाळा चालविणें म्हणजे काय, हें त्या काळाची माहिती असणाऱ्यांस सांगावयास नको. स्वामी रामानंद तीर्थ हे संन्यास घेण्यापूर्वीं या शाळेचे मुख्याध्यापक होते. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा हा नेता ज्या मातींत शिक्षक म्हणून उभा राहिला, ती माती त्यांच्या नांवाच्या विद्यापीठाच्या हद्दींत नाहीं. हद्दी आंखणारांचा यांत दोष नाहीं. त्यांनीं जिल्हे मोजले, आठवणी मोजल्या नाहींत, इतकेंच.

आतां मैदानाकडे वळूं. मुरुमास श्री माधवराव पाटील महाविद्यालय आहे. उमरग्यास, नळदुर्गास व तुळजापुरासही महाविद्यालयें आहेत. संध्याकाळीं या भागांतील कोणत्याही मैदानावर जावें, तेथें दोन खांब रोवलेले व मुलामुलींचा खो-खो रंगांत आलेला दिसण्याचा संभव मोठा. मैदानाला लागणारा मुरूम आणि गांवाचें नांव एकच, याची गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं. काळी माती पावसांत चिकटते व उन्हाळ्यांत भेगाळते. तिच्यावर मुरूम पसरून, पाणी मारून, दाबून घेतल्याखेरीज पायाला धरील असें मैदान होत नाहीं.

खो-खोचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास बांधले. शंभर वर्षांनीं त्या खेळाचा झेंडा धाराशिवच्या मुलींनीं उंच केला. या जिल्ह्याची सारिका काळे हिनें २०१६ सालीं गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत भारताच्या महिला संघाचें नेतृत्व केलें, आणि २०२० सालीं तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तींत भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ विजयी झाले. तेव्हां खो-खो म्हणजे शाळेच्या अंगणांतला पोरखेळ, असें आतां कोणास म्हणतां येणार नाहीं.

महाविद्यालयीन खेळांची व्यवस्था कशी असते, हें घरांतील वडील माणसांस सहसा ठाऊक नसतें, म्हणून थोडक्यांत सांगतों. एका विद्यापीठाला जोडलेलीं महाविद्यालयें आपसांत स्पर्धा खेळतात. त्यांतून निवडक खेळाडूंचा विद्यापीठाचा संघ होतो. आपला संघ मग पश्चिम विभागांत इतर विद्यापीठांशीं झुंजतो, आणि तेथें यश मिळालें तर अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. प्रत्येक खेळांत विद्यापीठाचा मुलांचा एक व मुलींचा एक असा संघ. कबड्डीचें उदाहरण घ्या. आमच्या पिढीचे लोक तिला हुतूतू म्हणत. तींत सात खेळाडू मैदानांत व पांच राखीव, एकूण बारा. या बारांत नांव लागलें तर खेळाडूला पुढची वाट आहे. महाराष्ट्रांत शासकीय नोकरींत खेळाडूंसाठीं ५ टक्के जागा राखीव आहेत, आणि त्या जागांपर्यंत पोंचणारी वाट मोठ्या स्पर्धांच्या प्रमाणपत्रांवरून जाते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला ही वाट किती मोलाची, हें सांगावयास नको.

छत्रपति संभाजीनगरच्या विद्यापीठाला चारशेंहून अधिक महाविद्यालयें जोडलेलीं आहेत. सोलापूरच्या विद्यापीठाला शंभराच्या आसपास. पण जागा दोन्हीकडे बाराच! चार जिल्ह्यांतून बारांत येणें आणि एका जिल्ह्यांतून बारांत येणें यांतलें अंतर कोणासही समजेल.

याहूनही मोठें गणित प्रवासाचें आहे. स्पर्धांचें यजमानपद निरनिराळ्या महाविद्यालयांकडे जातें. सामना विद्यापीठाच्या गांवीं किंवा जालन्याकडे असला तर मुरुमच्या संघाला आदल्या दिवशीं निघावें लागतें. एसटीचे दहा-बारा तास, रात्रीचा मुक्काम, आणि पहिल्याच फेरींत हार झाली तर चाळीस मिनिटांच्या खेळासाठीं तीन दिवसांची फेरी. मुलगे हें हंसत हंसत सहन करितात. मुलींची गोष्ट निराळी. ज्या घरानें मुलीला अर्ध्या विजारींत खो-खो खेळूं दिलें, त्या घरानें आधींच एक उंबरठा ओलांडलेला असतो. ती मुलगी सकाळीं जाऊन दिवेलागणीला परत येत असेल तर आई निश्चिंत असते. तीन रात्री बाहेर, तीनशें किलोमीटर दूर, असें म्हटलें कीं तीच आई गप्प होते, आणि मग अभ्यास किंवा लग्न असें कांहीं कारण पुढें करून खेळ थांबतो. खेळ सोडणाऱ्या अशा मुलींची गणति कोणत्याही तक्त्यांत होत नाहीं. कारण त्या हरत नाहींत, त्या फक्त संघांत दिसेनाशा होतात.

हा प्रश्न आमच्याच देशांत आहे असें मात्र समजूं नये. अमेरिकेंत कॉलेजांचा खेळ हा फार मोठा कारभार आहे. तेथील विद्यापीठें खेळापुरते संघ बांधून राहतात. त्यास कॉन्फरन्स म्हणतात. ‘बिग टेन’ नांवाचा असा संघ १८९६ सालचा. नांव दहांचें, पण २०२४ पासून त्यांत अठरा विद्यापीठें आहेत! पॅसिफिक महासागराच्या कांठचा दुसरा संघ १९१५ सालचा. त्यांतील दोन मोठीं विद्यापीठें बिग टेनमध्यें जाणार असल्याचें २०२२ सालीं जाहीर झालें; २०२३ सालीं इतरांनींही वाट धरली; आणि बारांच्या त्या शंभर वर्षांच्या संघांत ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट हीं दोनच विद्यापीठें मागें उरलीं. कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड हें पॅसिफिकच्या कांठचें विद्यापीठ आतां अटलांटिकच्या नांवाच्या संघांत खेळतें. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुलांना एका सामन्यासाठीं सारें खंड ओलांडावें लागतें, तें यामुळें. या सर्व उलथापालथीचें कारण एकच: फुटबॉलचे सामने दूरचित्रवाणीवर दाखविण्याच्या हक्कांपासून मिळणारे अपरंपार डॉलर. पैसा फुटबॉलनें आणावयाचा, आणि रात्रीअपरात्रीं विमानानें फिरावयाचें तें पोहणाऱ्या व धांवणाऱ्या मुलींनींही, असा तेथला न्याय आहे.

दोन्ही देशांची तुलना केली तर एक गोष्ट ध्यानांत येते. अमेरिकेंतील विद्यापीठ आपला संघ आपण निवडतें, आणि लोभानें दूर जातें. आमच्या महाविद्यालयाला निवड करावयाची मोकळीकच नाहीं, आणि तें न मागतां दूर पडतें. महाराष्ट्रांत विद्यापीठाचें क्षेत्र सार्वजनिक विद्यापीठांच्या २०१६ च्या कायद्यानें ठरलेलें आहे. तें बदलण्याचा अधिकार शासनाचा. मुरुमच्या महाविद्यालयानें उद्यां ठराव करून सोलापुरास जावें म्हटलें तर जातां येणार नाहीं. जावयाचें तर सारा जिल्हा जाईल. कलबुर्गीचा तर विचारच नको. तेथें राज्याची सीमा आडवी येते, मग नदी खुशाल वाहत असो.

तेव्हां मार्ग कोणते? धाराशिव जिल्हा सोलापूर विद्यापीठाला जोडावा ही मागणी अधूनमधून पुढें येते. सोलापूरचा स्वतःचा इतिहास या बाबतींत पाहण्यासारखा आहे. तेथील महाविद्यालयें आधीं मुंबई विद्यापीठाकडे, मग पुण्याकडे, १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होतीं, आणि २००४ सालीं एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठीं स्वतंत्र विद्यापीठ निघालें. २०१९ पासून तें पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नांवाचें आहे. तीन बिऱ्हाडें बदलून त्यांनीं चौथें घर स्वतःचें बांधलें. त्या घरांत धाराशिव आलें तर प्रवास चौथ्या हिश्श्यावर येईल. दवाखाना, बाजार व रेल्वे यांसाठीं उमरगा-मुरुमचे लोक आजही सोलापुरासच जातात.

याविरुद्धचें म्हणणेंही मनावर घेण्याजोगें आहे. मराठवाडा हें केवळ भूगोलाचें नांव नव्हे; निजामी अमदानींतून बरोबर बाहेर पडलेल्या भावंडांचें तें नांव आहे. लातूर नांदेडकडे गेलें तरी ‘मराठवाडा’ हा शब्द दोन्ही विद्यापीठांच्या नांवांत राहिला. सोलापुराकडे जाणें म्हणजे त्या नांवाबाहेर जाणें, असें वाटणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांची भावना खोटी नाहीं. शिवाय मोठ्या विद्यापीठाच्या संघांत येणें कठीण खरें, पण आलेला खेळाडू कसाला लागून आलेला असतो. सोलापूरकरांचीही बाजू आहे: त्यांच्या बारा जागांत नवे वांटेकरी येणार, आणि तेही खो-खोमध्यें मुरलेले!

दुसरा मार्ग स्वतंत्र विद्यापीठाचा. धाराशिवला २००४ पासून विद्यापीठाचें उपकेंद्र आहे. त्याचेंच विद्यापीठ करावें असें कांहींचें म्हणणें. नागपूरपासून चंद्रपूर व गडचिरोली वेगळे करून २०११ सालीं गोंडवाना विद्यापीठ काढलें, हा दाखला त्यांच्यापुढें आहे. जिल्ह्याचा स्वतःचा संघ पश्चिम विभागांत उतरेल ही कल्पना मोहक खरी. पण विद्यापीठ म्हणजे नुसती पाटी नव्हे. मैदानें, मार्गदर्शक, परीक्षांची व्यवस्था आणि पैसा हें सारें तिच्यामागें उभें करावें लागतें. तें झालें नाहीं तर मुलांच्या पदवीला वजन राहणार नाहीं, आणि संघाच्या अंगावर केवळ नवा रंग चढेल.

आमचें मत विचाराल तर आम्हांस तिसरा मार्ग जवळचा वाटतो. निदान हद्दीचा निकाल लागेपर्यंत तरी. हद्दीचे वाद वर्षानुवर्षें चालतात, आणि मुलीचें महाविद्यालयीन वय तीनच वर्षांचें असतें. अणदूर-नळदुर्गकरांनीं देव वांटून घेतला, तर विद्यापीठांना सामने वांटून घेतां येऊं नयेत काय? मुरुम, उमरगा, लोहारा, नळदुर्ग, तुळजापूर यांच्या पहिल्या फेऱ्या जिल्ह्यांतच व्हाव्यात. मुलींचे सामने शक्य तों एका दिवसांत परत येतां येईल अशा ठिकाणीं ठेवावे. अंतिम फेरीसाठींच तेवढें दूर जावें, आणि त्या वेळीं संघाबरोबर एक जबाबदार बाई असावी. सोलापूर व कलबुर्गी येथील संघांशीं मैत्रीचे सामने खेळावयास तर कोणत्याच कायद्याची आडकाठी नाहीं. चांगला प्रतिस्पर्धी जवळ असला कीं खेळ सुधारतो, मग प्रमाणपत्रावर शिक्का कोणाचाही असो. यजमान महाविद्यालयांनीं व क्रीडाशिक्षकांनीं मनावर घेतलें तर यांतलें पुष्कळसें याच हंगामांत करतां येईल.

आणि हद्द बदलावयाचीच झाली, तर ती बदलणारांस आमची एकच विनंति. दरबारांत बसून नकाशावर पट्टी ठेवण्यापूर्वीं त्यांनीं एकदां मुरुमास यावें, आणि येथील मुलीला सामन्याच्या गांवीं पोंचावयास किती वेळ लागतो व परत यावयास किती, हें एसटीच्या बाकावर बसून मोजावें. खर्च, प्रतिष्ठा, इतिहास हीं मापें आहेतच. परंतु शिक्षणासाठीं ज्या व्यवस्था आपण उभारतों, त्यांचें पहिलें माप हेंच असलें पाहिजे.